परक्याचें पान

प्रवासास निघालेल्या मनुष्याची खरी परीक्षा देवळांत, राजवाड्यांत किंवा पदार्थसंग्रहालयांत होत नाहीं; ती जेवणाच्या वेळीं होते. आपल्या गांवीं आपलें पान कोठें मांडलें जावयाचें हें जन्मानें, वयानें आणि नात्यानें ठरलेलें असतें. परमुलखांत तें कोणीं मांडावयाचें आणि कोणाच्या शेजारीं, हा प्रश्न भुकेबरोबरच उभा राहतो. सुटीचे चार दिवस काढून पॅरिसला गेलेलें एखादें मराठी कुटुंब आज तेथील चांगल्याशा रेस्तोराँत शिरतें, तेव्हां त्याला या प्रश्नाची आठवणही होत नाहीं. शुभ्र वस्त्र घातलेलें एक स्वतंत्र टेबल त्याला मिळतें; पदार्थांचीं नांवें आणि त्यांच्या किंमती छापलेली पत्रिका हातीं येते; तुम्ही कोण, कोठले, कोणत्या धर्माचे, हें कोणी विचारीत नाहीं. मनास येईल तें मागवावें, सावकाश खावें, बिल चुकवावें आणि उठावें. ही व्यवस्था इतकी अंगवळणीं पडली आहे कीं ती मनुष्याच्या प्रवासाइतकीच जुनी असावी असें वाटतें. वस्तुतः युरोपांत तिला अडीचशें वर्षांहून थोडासाच अधिक काळ लोटला आहे. ती कशी निर्माण झाली, तिनें कोणतें दार उघडलें आणि कोणतें बंदच ठेविलें, एवढेंच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसला आलेल्या परक्या मनुष्याला जेवणाची सोय नव्हती असें नाहीं. परंतु निवड मात्र नव्हती. खाणावळवाल्याच्या घरीं 'ताब्ल दोत', म्हणजे 'यजमानाचें टेबल' असे. आपल्याकडील जुन्या खाणावळीचें चित्र डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे त्याची बरोबर कल्पना येते. ठराविक वेळ, ठराविक दर, सर्वांना मिळून एकच लांब टेबल, आणि जें शिजलें असेल तें अन्न. नेहमींचे गिऱ्हाईक मोक्याच्या जागा धरून बसत आणि मांसाच्या थाळ्या प्रथम त्यांच्याकडे वळत. उशिरां आलेल्या किंवा भिडस्त पाहुण्याच्या वांट्यास रस्सा आणि पाव उरे. राज्यक्रांतीच्या सुमारास फ्रान्सभर हिंडलेला इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग यानें या सामायिक टेबलांवरील पाहुण्यांच्या मुकेपणाबद्दल आपल्या प्रवासवृत्तांत तक्रार नोंदवून ठेविली आहे. घरीं अन्न मागवावें म्हटलें तर निरनिराळ्या धंद्यांचे संघ आड येत. भाजलेलें मांस विकणारे एक, डुकराचें मांस विकणारे दुसरे, पिठाचे पदार्थ करणारे तिसरे, आणि शिजविलेलें सगळें जेवण पुरविणारे 'त्रेतर' चौथे. प्रत्येकाची हद्द सनदेनें आंखलेली असून ती ओलांडल्यास खटला उभा राहण्याची भीति असे.

अशा स्थितींत 'रेस्तोराँ' हा शब्द पुढें आला. मौज ही कीं आरंभीं तें जागेचें नांव नव्हतें. तें एका पेयाचें नांव होतें. 'रेस्तोराँ' म्हणजे गेलेली शक्ति परत आणणारें. कोंबडी, वासराचें मांस वगैरे मंद आंचेवर पुष्कळ वेळ ठेवून काढलेला गाळीव, कसदार रस्सा अशक्त माणसाला देत, त्याला ही संज्ञा होती. दिदरोच्या सुप्रसिद्ध विश्वकोशांत हा शब्द वैद्यकाच्या सदराखालीं आला आहे. हा रस्सा गिऱ्हाइकास बसवून देणारें पहिलें गृह कोणीं काढलें, याविषयीं एक गोष्ट शंभर-दीडशें वर्षे पुस्तकांतून सांगितली जात होती. बूलांजे नांवाच्या मनुष्यानें 1765 सालीं असें दुकान काढलें, पांढऱ्या रश्श्यांतील मेंढीचे पाय विकले, त्रेतरांनीं त्यावर फिर्याद केली, आणि न्यायालयानें बूलांजेच्या बाजूनें निकाल दिला, अशी ती गोष्ट. गोष्ट चटकदार आहे. परंतु रिबेका स्पँग या विदुषीनें 2000 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दप्तरें धुंडाळून दाखविलें कीं, अशा खटल्याचा मागमूस कोठेंही लागत नाहीं. कागदपत्रांत जो मनुष्य भेटतो त्याचें नांव मातुरँ रोझ द शांत्वाझो. यानें 1766 च्या सुमारास पॅरिसमध्यें आपलें रेस्तोराँ उघडलें. हा गृहस्थ आचारी नव्हता; तो कल्पनांचा व्यापारी होता. सरकारचें राष्ट्रीय कर्ज हुंड्या खेळवून फेडण्याची योजनाही त्यानें मांडली होती, आणि शहरांतील कसबी लोकांचे पत्ते देणारी जी यादी त्यानें छापली तिच्यांत स्वतःच्या दुकानाची शिफारस करण्यास तो विसरला नव्हता.

या नव्या गृहांत नवें काय होतें? रस्सा तर जुनाच होता. नवेपणा तीन गोष्टींत होता. जेवणाची वेळ गिऱ्हाइकानें ठरवावयाची. बसावयाचें तें लहान, वेगळ्या टेबलाशीं. आणि पदार्थ निवडावयाचा तो आधींच सांगितलेल्या किंमतींच्या यादींतून. या तिन्ही सवलतींचें मूळ चैनींत नसून पथ्यांत आहे. ज्याची प्रकृति नाजूक त्याला भूक केव्हां लागेल याचा नेम नसतो. दहाजणांच्या गलक्यांत त्याला जेवण गोड लागत नाहीं. आणि एकाला जें मानवतें तें दुसऱ्याला मानवत नाहीं. आपल्या वैद्यकास 'प्रकृति तसें पथ्य' हें तत्त्व नवें नाहीं. परंतु त्या तत्त्वावर सार्वजनिक भोजनाची संस्था उभी राहावी, हें पॅरिसमध्येंच घडलें. ताब्ल दोतवर मनुष्य हा पंगतींतला एक आंकडा होता. रेस्तोराँत तो एक स्वतंत्र प्रकृतीचा, स्वतंत्र आवडीचा जीव ठरला. अशक्तांची ही सवलत धट्ट्याकट्ट्या लोकांनीं लवकरच आपलीशी केली, आणि रश्श्याच्या पेल्याशेजारीं अंडीं, फळें, कोंबडी व मद्य येऊन बसलें.

पुढील वीस वर्षांत या संस्थेस तिचें भारदस्त रूप आलें. ऑर्लेआँच्या ड्यूकनें 1780 नंतर पाले-रोयाल या आपल्या वाड्याच्या बागेभोंवतीं कमानींच्या ओळी उठवून खालचे गाळे भाड्यानें दिले. ड्यूकच्या हद्दींत पोलिसांना सहज शिरतां येत नसे. त्यामुळें पुस्तकें, जुगार, राजकारण आणि जेवण हीं चारही तेथें गर्दीनें नांदूं लागलीं. या भागांत आणि त्याच्या आसपास बोव्हिलिए, वेरी, 'तीन प्रोव्हांसी भाऊ' अशीं नामांकित गृहें निघालीं. हे तिघे 'भाऊ' वास्तविक सख्खे भाऊ नव्हते, साडू होते. परंतु दक्षिणेकडील समुद्रकांठचे मासळीचे पदार्थ त्यांनीं राजधानीच्या जिभेला लाविले. आंत्वान बोव्हिलिए हा पूर्वी राजाच्या भावाच्या मुदपाकखान्यांत होता. ब्रिया-सावारँ या न्यायाधीशानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे. सुशोभित दालन, टापटिपीचे वाढपी, निवडक मद्यांचें तळघर आणि उत्तम पाककौशल्य यांची एकत्र सांगड त्यानें प्रथम घातली, आणि एकदां येऊन गेलेल्या गिऱ्हाइकास तो वर्षांमागून वर्षांनींही ओळखीत असे, असें तो सांगतो. राजवाड्यांतील आदरातिथ्य पैसे देणाऱ्या कोणाही परक्यास मिळूं लागलें, याहून मोठी सामाजिक घटना स्वयंपाकघराच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

1789 सालीं राज्यक्रांति झाली. सरदार देशोधडीस लागले, त्यांचे आचारी बेकार झाले, आणि त्यांनीं रेस्तोराँ उघडलीं, असें सोपें समीकरण पुष्कळ ठिकाणीं मांडलेलें आढळतें. त्यांत तथ्य आहे. काँदेच्या राजपुत्राचा आचारी मेओ यानें 1791 सालीं असें गृह काढलें, आणि त्याच वर्षीं धंद्यांचे संघ कायद्यानें कायमचे मोडले गेले. परंतु मागील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, क्रांतीच्या आधीं वीस वर्षे ही संस्था जन्मास आली होती. क्रांतीनें तिला जन्म दिला नाहीं. तिला एक अवघड प्रश्न मात्र विचारला. सर्व नागरिक बंधु असतील तर त्यांनीं वेगवेगळ्या टेबलांवर कां जेवावें?

हा प्रश्न रक्तानें माखलेला होता. 20 जानेवारी 1793 च्या संध्याकाळीं, राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्या दिवशीं, त्याच्या देहान्ताच्या बाजूनें मत देणारा लोकप्रतिनिधि लपेल्तिए हा पाले-रोयालमधील फेव्रिए याच्या रेस्तोराँत जेवून उठत असतां एका माजी राजरक्षकानें त्याच्यावर तरवार चालविली, आणि तो प्राणास मुकला. जेथें कोणालाही येण्यास मोकळीक, तेथें शत्रूलाही मोकळीक, ही गोष्ट त्या दिवशीं सर्वांस कळून आली. पुढें 1794 च्या जुलै महिन्यांत पॅरिसच्या रस्तोरस्तीं 'बंधुभावाच्या पंगती' उठूं लागल्या. घरोघरचीं टेबलें बाहेर काढून प्रत्येकानें आपलें अन्न आणावें, आणि श्रीमंत-गरिबांनीं मांडीला मांडी लावून जेवावें, असा तो प्रकार. वरवर पाहतां समतेचा याहून सुंदर देखावा कोणता? परंतु खुद्द क्रांतीच्या पुढाऱ्यांनाच तो रुचला नाहीं. एका संध्याकाळच्या सहभोजनानें शत्रु मित्र होत नाहीं, आणि ज्याच्या घरीं कांहीं नाहीं त्यानें काय आणावें, अशी अडचण होतीच. 16 जुलै रोजीं बारेर यानें या पंगतींवर कडक टीका केली आणि त्या थांबल्या. पुरते दोन आठवडे लोटण्यापूर्वींच रोबेस्पिएरचें शिर धडावेगळें झालें. रस्त्यांवरील टेबलें घरांत परतलीं. रेस्तोराँतलीं टेबलें मात्र जागच्या जागीं राहिलीं.

पुढील पिढीनें या संस्थेला वाङ्मय दिलें. ग्रिमो द ला रेनिएर यानें 1803 पासून 1812 पर्यंत आपल्या 'खवय्यांच्या पंचांगा'चे आठ भाग काढले आणि दुकानें व भोजनगृहें यांची जाहीर पारख करण्याचा प्रघात पाडला. ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा पाहुण्यास कोठें जावें हें आतां छापील पुस्तक सांगूं लागलें. 1814-15 सालीं नेपोलियनचा पाडाव होऊन रशियन, प्रशियन, ऑस्ट्रियन आणि इंग्रज सैन्यें पॅरिसमध्यें शिरलीं. दुसऱ्या तहान्वयें फ्रान्सवर 70 कोटि फ्रँकांचा दंड बसला. परंतु ब्रिया-सावारँ मिस्किलपणें म्हणतो कीं, जेत्यांनीं एका हातानें घेतलेले पैसे दुसऱ्या हातानें पाले-रोयालच्या भोजनगृहांत परत केले. या जेत्यांच्या मागोमाग इंग्रज प्रवाशांची रीघ लागली. स्त्रिया पुरुषांबरोबर उघड्या दालनांत निःसंकोच जेवीत आहेत, हें पाहून त्यांच्यापैकीं कित्येकांस विस्मय वाटला. युद्धांत हरलेल्या राष्ट्रानें आपल्या टेबलावर जगाला जिंकलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणास असें वाटेल कीं, रेस्तोराँ ही समतेची शाळाच झाली. परंतु ज्या दारावर कूळ विचारीत नाहींत त्या दारावर पैसा विचारतात, हें विसरतां कामा नये. या सत्याचें दर्शन घडविण्यास दोन भोजनें पुरेशीं आहेत. पहिलें 7 जून 1867 चें. पॅरिसमध्यें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. 'काफे आंग्ले' या गृहांत दुग्लेरे नांवाच्या आचाऱ्याच्या हातचें जेवण घेण्यास रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज, प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि बिस्मार्क असे चौघे बसले. 'तीन सम्राटांचें भोजन' म्हणून तें इतिहासांत गाजलें, जरी विल्हेल्म त्या दिवशीं अद्याप सम्राट झाला नव्हता. दुसरें भोजन 25 डिसेंबर 1870 चें. त्याच विल्हेल्मच्या आणि त्याच बिस्मार्कच्या सैन्यानें पॅरिसला वेढा घालून नव्याण्णव दिवस झाले होते. नगरांत मांसासाठीं बायामुलें थंडींत रांगा लावून उभीं होतीं; घोडे संपत आले होते; उंदीर विकले जात होते. त्या नाताळच्या दिवशीं 'व्वाझँ' या गृहाच्या पदार्थपत्रिकेंत हत्तीचा रस्सा, भाजलेला उंट, कांगारूचें कालवण आणि उंदरांनीं वेढलेलें मांजर अशीं नांवें आहेत. प्राणिसंग्रहालयांतील जनावरें श्रीमंतांच्या ताटांत आलीं होतीं! पत्रिका तशीच छापील, मद्यें तशींच उंची. राज्य बुडालें तरी रेस्तोराँची रीत बुडाली नाहीं, याचें कोणी कौतुक करील. दाराबाहेरची रांग आणि दाराआंतली पत्रिका यांच्यामध्यें एका भिंतीचेंच अंतर होतें, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

ही भिंत कमी उंच करण्याचे प्रयत्नही फ्रेंचांनींच केले. 1855 च्या सुमारास दुवाल नांवाच्या खाटकानें साध्या कामकरी आणि कारकून वर्गासाठीं रस्सा आणि उकडलेलें मांस ठराविक, अल्प किंमतींत देणारीं गृहें काढलीं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या स्त्रिया वाढीत. गिऱ्हाइकाच्या हातीं एक चिठ्ठी देत आणि घेतलेला प्रत्येक जिन्नस तिच्यावर नोंदवीत, म्हणजे बिलाच्या वेळीं फसगत नको. या गृहांस 'बूइयों' म्हणजे 'रस्सा' हेंच नांव पडलें. औषधी रश्श्यापासून निघालेली ही संस्था राजांच्या टेबलांवरून फिरून शतकानंतर पुन्हा रश्श्यापाशीं आली, आणि या खेपेस तो रस्सा नाजूक प्रकृतीच्या श्रीमंतासाठीं नव्हता, दिवसभर राबलेल्या माणसासाठीं होता.

विसाव्या शतकांत हें सर्व पॅरिसबाहेर पडलें, आणि त्यास कारण सुटी व मोटार. टायर बनविणाऱ्या मिशेलिन बंधूंनीं 1900 सालीं मोटारवाल्यांसाठीं एक लहानशी मार्गदर्शिका फुकट वांटली. मोटारी जितक्या फिरतील तितके टायर झिजतील, हा हिशेब साधा होता. 1926 पासून तींत चांगल्या भोजनगृहांपुढें तारा छापूं लागले; 1931 सालीं एक, दोन आणि तीन तारे अशा पायऱ्या आल्या. दोन ताऱ्यांचा अर्थ वाट वांकडी करण्याजोगें, आणि तीन ताऱ्यांचा अर्थ मुद्दाम प्रवास करून जाण्याजोगें. येथें एक उलटापालट झाली आहे, ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. पूर्वी प्रवासी जेथें पोंचे तेथें जेवी. आतां जेवण जेथें असेल तेथें तो प्रवास करूं लागला. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्रकांठीं जाणाऱ्या हमरस्त्यावर व्हिएन या गांवीं फेर्नां प्वँ याचें 'पिरामिड' हें गृह अशा प्रवाशांचें तीर्थस्थान बनलें. लियोंच्या उजेनी ब्राझिए हिची कथा याहून हृद्य आहे. 1895 सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेली ही मुलगी दहाव्या वर्षीं आईवेगळी झाली, दुसऱ्यांच्या शेतांवर राबली, पदरीं मूल घेऊन शहरांत आली आणि स्वयंपाकीण झाली. 1921 सालीं तिनें स्वतःचें लहानसें गृह उघडलें. 1933 सालीं तिच्या दोन्ही गृहांस प्रत्येकीं तीन तारे मिळाले. राजपुत्रांच्या मुदपाकखान्यांतून निघालेली विद्या शेतमजुराच्या मुलीच्या हातीं आली, आणि तिच्या दारीं राष्ट्रांचे धुरीण जेवूं लागले. तीनच वर्षांनीं, 20 जून 1936 च्या कायद्यानें, लेओं ब्लुम यांच्या सरकारनें प्रत्येक कामगारास वर्षांतून दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. सवलतीचीं तिकिटें काढून कितीक कुटुंबांनीं त्या उन्हाळ्यांत प्रथमच समुद्र पाहिला. त्यांच्याजवळ घरची शिदोरी होती. 'पिरामिड'पुढून त्यांच्या गाड्या निघून गेल्या असतील. सुटीचा हक्क कायद्यानें मिळाला. टेबलाचा हक्क खिशाकडेच राहिला.

या परकीय इतिहासाशीं आपला संबंध काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो दूरचा नाहीं. पॅरिसमध्यें पाले-रोयालचीं दालनें जुनीं झालीं होतीं त्या 1890 सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उठलें, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. प्रश्न चहाच्या चवीचा नव्हता. तो कोणाच्या हातचा आणि कोणाच्या शेजारीं बसून, याचा होता. ज्यांना चहा घेतल्याचें प्रायश्चित्त तरी सांगतां येत होतें त्यांची गोष्ट ही. ज्यांना दुकानाच्या उंबऱ्याआंत पाऊलच टाकतां येत नव्हतें त्यांची गोष्ट याहून फार कठोर होती. म्हणूनच 26 जानेवारी 1950 रोजीं जी राज्यघटना अंमलांत आली, आणि जिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तिच्या मूलभूत हक्कांच्या भागांत, पंधराव्या अनुच्छेदांत, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळें कोणाही नागरिकास दुकानें, सार्वजनिक रेस्तोराँ, हॉटेलें यांत मज्जाव होतां कामा नये, असें स्पष्ट घातलें आहे. पॅरिसमधील एका औषधी रश्श्याचें नांव फिरत फिरत भारताच्या घटनेच्या इंग्रजी मसुद्यांत येऊन बसलें, आणि तेथें तें चैनीचा शब्द राहिलें नाहीं, माणुसकीच्या हक्काचा शब्द झालें. विहिरी, तळीं आणि घाट यांचा उल्लेख त्याच अनुच्छेदांत लगेच पुढें येतो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

2010 सालीं युनेस्कोनें फ्रेंचांच्या भोजनास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. तेव्हां अनेकांस असें वाटलें कीं हा तीन ताऱ्यांच्या रेस्तोराँचा गौरव आहे. तें खरें नव्हे. यादींत जें नोंदलें आहे तें जन्म, विवाह, वाढदिवस अशा प्रसंगीं आप्तेष्टांनीं एकत्र बसून क्रमानें घेतलेलें भोजन. म्हणजे अडीच शतकें जगाला वेगळें टेबल शिकविणाऱ्या राष्ट्राला स्वतःच्या ठेव्यांत जपून ठेवावेंसें वाटलें तें एकत्र टेबलच! यांत विसंगति नाहीं. पंगत ही आपल्या माणसांची असते, आणि तिचा गोडवा वेगळ्या टेबलाला कधींच येणार नाहीं. परंतु पंगतीला एक उणीव आहे; तिच्यांत कोणाला बसवावयाचें हें आधीं बसलेले लोक ठरवितात. रेस्तोराँनें हा अधिकार त्यांच्या हातून काढून घेतला आणि परक्याचें पान मांडलें. त्या पानाची किंमत त्यानें घेतली, कित्येकदां अवाच्या सवा घेतली, आणि ज्याच्याजवळ ती नव्हती त्याला बाहेरच ठेविलें, हा त्याच्यावरील दोष पुसला जाणार नाहीं. तथापि किंमत कमी करतां येते. दुवालसारख्या खाटकानें ती करून दाखविली. जन्म मात्र कोणालाच बदलतां येत नाहीं. म्हणून ज्या समाजानें हजारों वर्षे पान मांडण्यापूर्वी जन्म विचारला, त्यानें तरी किंमतीच्या छापील पत्रिकेला नाकें मुरडण्यापूर्वी थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.